ओट्यावर किती माणसं बसतील?

ज्या माणसाबद्दल हे लिहितोय त्याचं नाव मी लिहिणार नाही. एक तर तो अजून माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर राहतो. दुसरं म्हणजे नाव लिहिलं तर कागद हातात घेऊन खाली येईल आणि विचारेल, "बापू, हे ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही स्वतः घातलेत की आपोआप पडले?" माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी मी पास झालो का नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. तोंडात आमची अहिराणी. ही पुस्तकातली मराठी मला शाळेत आणि तहसील कचेरीत भेटली, आणि दोन्ही ठिकाणी तिनं माझा अपमानच केला. तरी लिहितोय, कारण शहाद्यात त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि सगळे चुकीचं बोलतात. बरोबर फक्त मी बोलतो. हे माझं जन्माचं दुखणं आहे.

आम्ही त्यांना साहेब म्हणतो. साहेब कसले, मुंबईकडे कुठल्याशा ऑफिसात फायली लावत लावत म्हातारे झाले आणि रिटायर झाले. पण शर्ट पँटमध्ये खोचलेला माणूस आमच्याकडे साहेबच होतो. त्याला इलाज नाही.

पहिल्यांदा खोली बघायला आले तेव्हा मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. ओट्याबद्दल आधी सांगतो, कारण तो सांगण्यासारखा आहे. म्हसावदला भावकीशी पटेना (त्यांचं माझ्याशी पटेना असं ते म्हणतात), म्हणून शेती वाट्यानं देऊन मी शहाद्यात येऊन घर बांधलं. घर साधंच, पण ओटा असा बांधला की गल्लीत तसा दुसरा नाही. काळी फरशी, चढायला पायऱ्या, टेकायला कठडा. शेजारच्या नानाच्या ओट्यापेक्षा लांब पाहिजे म्हणून गवंड्याला सांगून तो गटारीवरून पुढे नेला. नाना म्हणाला, गटार सगळ्यांची आहे. मी म्हणालो, ओटा माझा आहे. त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे हळूहळू गल्लीतल्या बाकीच्यांशीही काही ना काही होत गेलं. शेवटी एवढ्या मोठ्या ओट्यावर मी एकटा बसायचो. गल्लीतलं कुत्रंसुद्धा नानाकडे जाऊन बसायचं.

तर हे गृहस्थ पिशवी घेऊन समोर उभे राहिले. भाडेकरू काय विचारतो ते मला पाठ होतं. पाणी किती वेळ येतं, मीटर वेगळं आहे का, गच्ची वापरायला मिळेल का. यांनी ओटा इकडून तिकडे बघितला आणि विचारलं,

"ओट्यावर किती माणसं बसतील?"

मला वाटलं क्लास काढणार, नाहीतर निवडणुकीला उभे राहणार. मी म्हणालो, "कशाला पाहिजेत माणसं? इथे मी बसतो."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

असा प्रश्न घरमालकाला विचारतात का? मी तिथल्या तिथे नाही म्हणणार होतो. पण दारातून मन्ही बायको बोलली, "खोली देखाडा त्यास्ले. कवयनी रिकामी पडेल शे." ती कधीची रिकामी का, तर माझ्या अटी ऐकून आधीचे दोन जण पळाले होते, हे तिनं सांगितलं नाही, एवढीच तिची मेहरबानी.

राहायला आल्यावर महिनाभरात त्यांचं सगळं वागणं आम्हाला कळलं. सकाळी उठून चौकात जायचं. चौकात एक काळा फळा आहे, त्यावर कोण वारलं, अंत्ययात्रा कधी, ते खडूनं लिहितात. लोक पेपर वाचतात तसा साहेब तो फळा वाचायचे. कोणाचं नाव असलं की घरी येऊन पांढरा लेंगा-शर्ट घालायचे आणि निघायचे. ओळख असो, नसो. जात कुठली, घर गरिबाचं का पैसेवाल्याचं, काही बघायचं नाही. आमच्याकडे मयताच्या घरी नंतर रोज लोक बसायला जातात. त्याला दारावर जाणं म्हणतात. ओट्यावर सतरंजी टाकलेली असते. घरचा माणूस भिंतीला टेकून बसतो, येणारा हात जोडून बसतो, थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी विचारतं, "कसं व्हयनं?" आणि घरचा माणूस पहिल्यापासून सांगतो. दुसरी मंडळी आली की परत पहिल्यापासून. हे असं कितीतरी दिवस चालतं.

साहेबांना याचं वेड लागलं. बाकीचे तंबाखू मळून, दोन शब्द बोलून उठतात. हे मागच्या ओळीत बसायचे ते सतरंजी गुंडाळेपर्यंत. तीच हकीगत ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पहिल्यासारखी ऐकायचे. बरं, लक्षातही ठेवायचे. पुढे बाजारात त्या घरचा माणूस भेटला की विचारायचे, "तुमच्या वडिलांनी शेवटी ज्या गायीची चौकशी केली होती, ती व्याली का?" माणूस भर बाजारात भाजीची पिशवी खाली ठेवायचा.

पण सुरुवातीला लोकांना हे काही उमगेना. विमा एजंट असेल, पोलिसांचा माणूस असेल, असं म्हणायचे. एका घरी तर कहरच झाला. बाप गेला होता, दोघा भावांत वाटणीची कुरबुर आधीपासून होती, आणि हे आपले रोज जाऊन मागे बसतात. चौथ्या की पाचव्या दिवशी ते दोघे भाऊ माझ्याकडे आले. जन्मात पहिल्यांदा एकत्र आले असतील.

थोरला म्हणाला, "बापू, हाऊ माणूस कोन शे? खरं सांगा."

"मन्हा भाडेकरू शे."

धाकटा आवाज खाली आणून म्हणाला, "आमना बापनी मुंबईले दुसरं घर करेल व्हतं का? हाऊ त्या घरना ते नही?"

मी हसलो नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं काम. "तुमचा बाप सुरतेच्या पुढे कधी गेला नाही," मी म्हणालो, "आणि साहेब तुमच्या बापापेक्षा चार-पाच वर्षांनीच लहान दिसतात." त्यांनी मनात हिशेब केला आणि मुकाट्यानं घरी गेले.

मी साहेबांना झापलं. "दुसऱ्याच्या मयतीत तुमचं काय काम? देवळात जा, बागेत चाला. रिटायर माणसं करतात ते करा."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. त्यांची बायको बिल्डिंगमध्ये गेली, वरच्या कुठल्या तरी मजल्यावर. "लिफ्टमध्ये चारच जण मावायचे, बापू. चार वर यायचे, मला हात लावायचे आणि घड्याळ बघायचे, कारण खाली पुढचे चार उभे असायचे. संध्याकाळपर्यंत संपलं. कसं झालं ते कोणी विचारलंच नाही. मला सांगायचं होतं."

मूलबाळ नव्हतं. पेन्शन बेताची, तिकडची खोली परवडेना. पुण्यात थोरला भाऊ आणि पुतण्या, पण त्यांचंच घर लहान. मग हे स्वस्तातलं गाव शोधत एसटीनं फिरू लागले. तिकीट तळोद्याचं काढलं होतं. शहाद्यात बस थांबली, कारण पुढून अंत्ययात्रा चालली होती. ड्रायव्हरनं गाडी बंद केली, खाली उतरून हात जोडले. टपरीवाल्यानं गाणं बंद केलं. हे पिशवी घेऊन तिथेच उतरले.

लोक भाव बघून गाव ठरवतात, हवा बघून ठरवतात. या माणसानं मयत बघून ठरवलं. मी म्हणालो, "तुमचं डोकं फिरेल शे." ते म्हणाले, "असेल." भांडण करायला आलेल्या माणसाला 'असेल' म्हटलं की पुढे काय बोलायचं? मला शाळेत हे शिकवलं नाही. शिकवलं असेल, पण मी चौथीपर्यंतच होतो.

एकदा मी त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं, घोडे दाखवायला. घोड्यातलं मला फार कळतं, असं माझं मत आहे. एका पांढऱ्या घोड्यापुढे उभा राहून मी त्याचे कान, खूर, भोवरे सगळं समजावून सांगत होतो. आजूबाजूला पाच-पंचवीस माणसं जमली होती, मला चेव चढला होता. मागे वळून बघतो तर साहेब नाहीत. शोधत शोधत गेलो. एका राहुटीत राजस्थानकडचा एक म्हातारा व्यापारी बसलेला, त्याची घोडी येताना वाटेत मेलेली. साहेब त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारत होते, "कैसे हुआ?" म्हातारा रडत होता, सांगत होता. मला बघून साहेबांनी सरकून जागा करून दिली. मी बसलो. यात्रेत जाऊन मी घोडीच्या दारावर बसून आलो, हे गल्लीत कोणाला सांगितलं नाही. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं.

आता खरी गोष्ट सांगतो.

मागच्या थंडीत त्यांचा पुण्याचा भाऊ वारला. पुतण्यानं फोन लावला तेव्हा यांचा फोन बंद होता. फोन बंद ठेवायची त्यांना खोड आहे. हे पोचले तोवर सगळं उरकलं होतं. विजेवर दहन झालेलं, जेवणाचे डबे मागवलेले. दोन दिवस राहून हे परत आले आणि जिना चढून वर गेले. दुसऱ्या दिवशी फळा वाचायला गेले नाहीत. मन्ही बायको चहा घेऊन वर गेली ती तसाच चहा घेऊन खाली आली.

"त्यास्ना भाऊ गया," ती म्हणाली. "आणि पुतण्या रविवारे गाडी लई येणार शे. त्यास्ले पुण्याले लई जावाले."

मी वर गेलो. साहेब खाटेवर बसले होते. म्हणालो, "जाताय म्हणे."

"तो म्हणतोय. तिकडे कोणी नाही तुमचं, म्हणतो. खरंय ते, बापू. मी इथे लोकांकडे जाऊन बसतो, ते माझं मी जातो. माझ्याकडे यावं असं कोणाला थोडंच बांधून घेतलंय."

"आज फळ्यावर लिहितो. उद्या सतरंजी टाकू."

ते एकदम उठले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "नको. लिहू नका. कोणी आलं नाही तर मला या गावात राहता येणार नाही. न लिहिलेलं बरं. निदान कळणार तरी नाही."

मी खाली आलो. माझा स्वभाव असा, की कोणी नको म्हटलं की मला ते केल्याशिवाय अन्न जात नाही. पण त्या दिवशी मीसुद्धा अडलो. साहेबांना भीती वाटत होती ती त्यांची. मला वेगळीच भीती. साहेबांसाठी लोक येतीलही, पण यायचं कुठे? माझ्या ओट्यावर! ज्या ओट्यावर गल्लीतल्या कोणी पाय ठेवायचा नाही असं मीच इतकी वर्षं भांडून भांडून ठरवून टाकलं होतं. उद्या सतरंजी रिकामी राहिली तर साहेब समजणार, त्यांचं कोणी नाही. आणि खरं कारण भिंतीला टेकून शेजारी बसलेलं असणार.

बायकोला म्हणालो, "देवळाच्या सभामंडपात ठेवू का?"

ती म्हणाली, "दार नही तठे."

चौकात गेलो. खडू हातात घेऊन पुष्कळ वेळ उभा राहिलो. मग लिहिलं, 'साहेबांचे मोठे बंधू पुणे येथे वारले. बापूचा ओटा, सकाळपासून.' अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण मोठं.

सकाळी सतरंजी टाकली. फळ्याचं सांगितलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की भाडेकरू घरमालकाला काढून टाकू शकत असता तर मी त्या दिवशी बेघर झालो असतो. पण पांढरे कपडे घालून खाली आले आणि भिंतीला टेकले. मी त्यांच्या शेजारी. एवढा लांब ओटा, एवढी मोठी सतरंजी आणि एका टोकाला दोन म्हातारे. गल्लीतून लोक कामाला चालले होते. दूधवाला गेला. शाळेची गाडी गेली. साहेब सतरंजीचा धागा ओढत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आपल्याकडे ऊन वर आल्यावर येतात." आपल्याकडे कधी येतात हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पहिली आली ती कोपऱ्यावरची भाजीवाली. पदर तोंडाला लावून घाईघाईनं आली, पायरीवर मला बघितलं आणि जागीच थांबली.

"बापू, तुम्ही शेतस का? फळावर तुमनं नाव देखं ते माले वाटनं..."

"मी शे. साहेबांचा भाऊ गेला."

"हां, मंग ठीक शे," ती म्हणाली आणि बसली. तिच्या तोंडावर उतरलं ते दुःख होतं की आणखी काही, मी विचारलं नाही.

तिच्यामागून नाना आला. पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल. पायरीशी उभा राहिला. माझा ओटा सुरू होतो तिथे त्यानं चप्पल काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुन्हाकडे नही उनू. साहेबकडे उनू. मन्ही माय वारनी तवय साहेब रोज येत व्हतात. तू नही उना."

"बठ," मी म्हणालो.

मग ते दोघे भाऊ आले, एकत्र. मग हळूहळू गल्ली, मग मागची गल्ली, मग बाजारातले दुकानदार शटर अर्धं ओढून. तोरणमाळच्या वाटेवरचा एक पावरा आदिवासी म्हातारा आला. त्याचा नातू गेला तेव्हा साहेब दवाखान्याच्या पायरीवर त्याच्याबरोबर बसले होते म्हणे. त्याला मराठी येत नाही, साहेबांना पावरी येत नाही. तो कठड्याला टेकून बसला. सतरंजी भरली तसे लोक फरशीवर बसले, फरशी भरली तसे नानाच्या ओट्यावर.

मग नानानंच विचारलं, "कसं व्हयनं, साहेब?"

साहेबांनी तोंड उघडलं. लोक वाट बघत होते. गावातल्या सगळ्या घरांच्या हकीगती ज्याच्या पोटात, तो माणूस खाली बघत म्हणाला, "मला माहीत नाही. हार्ट म्हणाले. मी विचारलं, पण सगळे घाईत होते."

आमच्याकडे माणूस जाणं हे होतं, पण कसा गेला ते घरच्याला माहीत नसणं, हे कोणाला ऐकवेना. भाजीवालीनं डोळे पुसले. साहेबांची मान आणखी खाली गेली.

मला गप्प बसता येत नाही, हे एव्हाना कळलं असेल. मी म्हणालो, "पुतण्याला फोन लावा." त्यांनी लावला, मी हातातून घेतला, मोठ्या आवाजावर टाकला आणि सतरंजीच्या मध्ये ठेवला.

"बेटा, मी तुझ्या काकांचा घरमालक. तुझ्या बापाचं कसं झालं?"

"हार्ट अटॅक, अंकल."

"तो आजार झाला. कसं झालं ते विचारतोय."

तिकडे पोरगा गोंधळला. "म्हणजे... मी जरा कामात आहे, अंकल."

"आम्हीही कामातच होतो. बसलोय ना."

फोन ठेवला असं वाटलं. मग म्हणाला, "दुपारी जेवले. कढी परत मागून घेतली." आणि थांबला.

"मंग?" नाना म्हणाला.

"मग गॅलरीत गेले. खाली कोणीतरी गेटसमोर स्कूटर लावली होती, त्यावरून वॉचमनला ओरडले."

"मंग?" आता दोघे-तिघे एकदम म्हणाले.

"मग आत आले. चपला काढायला म्हणून स्टुलावर बसले. मला हाक मारली. मी मीटिंगमध्ये होतो, कानाला हेडफोन होता. मी हात केला. थांबा म्हणून." पोराचा आवाज फाटला. "मी नुसता हात केला, काका."

"सांग," साहेब फोनकडे वाकून म्हणाले. "सगळं सांग. मी ऐकतोय."

त्यानं सांगितलं. रडत, थांबत, पुन्हा मागे जाऊन, राहिलेलं सांगून. नवीन लोक आले की नाना त्याला म्हणायचा, "भो, ह्या आते उनात, पहिल्यापासून सांग," आणि तो पुण्यातून पहिल्यापासून सांगायचा. मध्येच फोनची बॅटरी संपत आली. माझ्या ओट्यावर प्लगच नाही. एवढा ओटा बांधला आणि प्लग विसरलो. नाना उठला आणि त्याच्या खिडकीतून लांब वायर ओढून आणली.

"वायर मन्ही शे, ध्यानमा ठेव," तो मला म्हणाला.

"ओटा मन्हा शे, तू बी ठेव," मी म्हणालो. किती वर्षांनी बोललो ते सांगत नाही, लाज वाटते.

ऊन कलायला लागलं तेव्हा पोरगा दमला. नाक ओढत म्हणाला, "काका, तिथे कोण कोण आहे?"

साहेबांनी मान वर करून इकडून तिकडे बघितलं. "गल्ली आहे," ते म्हणाले.

"बरं. मी रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवा."

नाना माझ्याकडे बघायला लागला, मी गटारीकडे. राहा म्हणायला माझी जीभ वळली असती तर मी म्हणालो असतो. आयुष्यात नको तिथे एवढी वळली, तिथे नेमकी अडली.

साहेबांनी फोन उचलून जवळ घेतला. "गाडी कशाला आणतोस? अजून मंडळी यायची आहेत. इथलं दार मला मध्येच बंद करता येणार नाही. एसटीनं ये आणि तूच चार दिवस बस."

"बसू म्हणजे? तिथे मी काय करायचं, काका?"

साहेबांनी फोन नानापुढे धरला. तेव्हा नाना फोनवर वाकला आणि पुणं ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"काहीच नही करानं, भो. नुसतं बठानं."